वन डाऊनला कोण? निवड समितीला खुलं पत्र

प्रति,
श्री. अजित आगरकर, अध्यक्ष, आणि सर्व सदस्य,
वरिष्ठ पुरुष राष्ट्रीय निवड समिती,
भारतीय क्रिकेट नियामक मंडळ, मुंबई

सप्रेम नमस्कार.

ऑक्टोबर २०२४ ते नोव्हेंबर २०२५ या काळात भारताच्या कसोटी संघात वन डाऊनला, म्हणजे फलंदाजीला तिसऱ्या क्रमांकावर, कोण कोण उतरलं, याची यादी केली तर ती अशी होते: शुभमन गिल, विराट कोहली, देवदत्त पडिक्कल, के. एल. राहुल, साई सुदर्शन, करुण नायर, वॉशिंग्टन सुंदर. मोजून सात. दिवस संपताना मुख्य फलंदाजाला जपायला पाठवलेले पहारेकरी, म्हणजे नाइट वॉचमन, यात धरलेले नाहीत. बेंगळुरूला गिलची मान आखडली म्हणून कोहली गेला आणि पर्थला गिलचा अंगठा दुखावला म्हणून पडिक्कल गेला, तेव्हा या दोघांचं सोडून देऊ. मेलबर्नला रोहितला पुन्हा सलामीला यायचं होतं म्हणून राहुल एक पायरी खाली आला, तेही समजू शकतो. पण उरलेल्या नावांचं उत्तर तुमच्याकडेच मागायला हवं. त्याआधीची वीस-पंचवीस वर्षं या जागेसाठी आम्हाला दोनच नावं पाठ करावी लागली होती, द्रविड आणि पुजारा.

पत्र लिहायचं कारण ही यादी आहे. वाद मात्र सगळीकडे दुसऱ्याच गोष्टीवर रंगलाय. टीव्हीवर, कट्ट्यावर, लोकलच्या डब्यात एकच प्रश्न: कसोटीत संथ खेळावं की वेगात? नोव्हेंबर २०२५ मध्ये दक्षिण आफ्रिकेविरुद्ध गुवाहाटीला शेवटच्या डावात साई सुदर्शनने १३९ चेंडूंत १४ धावा केल्या, तेव्हा ‘हा काय खेळ झाला?’ म्हणून लोक वैतागले. त्याच सामन्याच्या पहिल्या डावात ऋषभ पंत, तोही कर्णधार असताना, जेमतेम सात धावांवर मार्को यान्सनला पुढे सरसावून मारायला गेला आणि यष्टीमागे झेल देऊन परतला. तेव्हाही लोक ‘हा काय खेळ झाला?’ असंच म्हणाले. एका सामन्यात एकजण संथ म्हणून गुन्हेगार, दुसरा घाई केली म्हणून. आपण हरलो ४०८ धावांनी. धावांच्या हिशेबात भारताचा हा आजवरचा सगळ्यात मोठा पराभव. एवढ्या मोठ्या खड्ड्यात पडल्यावर तिथवर धावत आलो की चालत, यावर भांडण्यात काय हशील?

वेगाच्या बाजूने जो मुद्दा मांडला जातो तो ऐकायला बिनतोड आहे. धावा लवकर झाल्या की गोलंदाजांना वीस बळी टिपायला जास्त वेळ मिळतो. कानपूरला २०२४ मध्ये बांगलादेशाविरुद्ध तो खराही ठरला. पहिल्या दिवशी ३५ षटकं झाली, दुसरा-तिसरा दिवस पूर्ण वाया गेला, आणि चौथ्या दिवशी आपण ३४.४ षटकांत ९ बाद २८५ वर डाव सोडला. सात गडी राखून जिंकलो. तिथे वेळच उरला नव्हता, म्हणून वेग लागला. झकास निर्णय होता तो, मी टाळ्या वाजवून पाहिला. पण त्यानंतर ‘हीच आता आपली पद्धत’ असा जो सूर निघाला तो जेमतेम पंधरवडाभर टिकला. बेंगळुरूला ढगाळ हवेत आपण नाणेफेक जिंकून फलंदाजी घेतली आणि ३१.२ षटकांत ४६ वर आटोपलो. कानपूरमुळे बेंगळुरू झालं असं मी म्हणत नाही. मला एवढंच दिसतं की हल्ली कसोटीला वेळ कमी पडतच नाही. पुण्याजवळच्या गहुंज्याची कसोटी तिसऱ्या दिवशी संपली. वानखेडेची तिसऱ्या दिवशी. ईडन गार्डन्सची तिसऱ्या दिवशी. नोव्हेंबर २०२५ मधली पर्थची अ‍ॅशेस कसोटी तर दुसऱ्या दिवशी मावळली. वाचवलेले दोन दिवस हॉटेलच्या जलतरण तलावावर घालवायचे असतील, तर घाई करायला माझी हरकत नाही.

निवड समितीने वेगासाठी माणूस वगळायची प्रथा तशी जुनी, आणि तिचं गाजलेलं उदाहरण भारताविरुद्धच्याच सामन्यातलं आहे. १९६७, लीड्स. जेफ बॉयकॉट पहिला पूर्ण दिवस खेळून १०६ वर नाबाद राहिला. शेवटी त्याने नाबाद २४६ केल्या. पतौडींच्या १४८ धावांच्या जोरावर आपण फॉलोऑननंतर ५१० पर्यंत मजल मारली, तरीही सामना इंग्लंडनेच जिंकला. आणि पुढच्या कसोटीतून बॉयकॉट बाहेर! कारण, संथ खेळला. द्विशतक करून, सामना जिंकून घरी बसलेला माणूस. त्याच्या दोन वर्षं आधी केन बॅरिंग्टनचंही तेच झालं होतं. न्यूझीलंडविरुद्ध १३७ धावांना त्याने सव्वासात तास घेतले म्हणून त्याला एका कसोटीपुरतं वगळलं. तो परत आला आणि त्याच मालिकेत १६३ काढून मोकळा झाला. औषध लागू पडलं असं तेव्हाच्या इंग्लंडच्या निवडकर्त्यांना वाटलं असणार. पण बॅरिंग्टनला मारता येत होतंच की. षटकार ठोकून शतक पूर्ण करायची त्याला खोडच होती. कधी थांबायचं आणि कधी सुटायचं हे तो स्वतः ठरवत होता. ते ठरवायचं काम समितीने आपल्याकडे घेतलं, इतकंच.

आपल्याकडे हे २०१६ मध्ये झालं. वेस्ट इंडिजच्या दौऱ्यावर सेंट लुसियाच्या कसोटीतून चेतेश्वर पुजाराला बाहेर ठेवलं, आणि कारण म्हणून चर्चा झाली ती त्याच्या संथपणाचीच. पुढे काय झालं? २०१७ च्या मार्चमध्ये रांचीला त्याने ऑस्ट्रेलियाविरुद्ध ५२५ चेंडू खेळून २०२ केल्या. २०१८-१९ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात १२५८ चेंडू खेळून ५२१ धावा केल्या, आणि आपण तिथे पहिल्यांदा मालिका जिंकलो. सिडनीच्या त्या डावात पुजारा १९३ आणि पंत नाबाद १५९, एकूण ७ बाद ६२२. पंतच्या फटक्यांची चित्रफीत आजही लोक एकमेकांना पाठवतात. पंत मैदानात आला तेव्हा कमिन्स, स्टार्क आणि हेझलवूड किती षटकं टाकून थकले होते, हे त्या चित्रफितीत दिसत नाही. गाबाचं (ब्रिस्बेन, २०२१) उदाहरण देत नाही, ते तुम्हाला तोंडपाठ असेल.

त्यापेक्षा एक कमी आठवलं जाणारं उदाहरण देतो. त्या दौऱ्यावर तुम्ही स्वतः होता. २००२ चं हेडिंग्ले. मालिकेत आपण एकने मागे. आकाश काळंकुट्ट, खेळपट्टी ओलसर, आणि गांगुलीने नाणेफेक जिंकून चक्क फलंदाजी घेतली. त्याही आधीचा निर्णय मला जास्त धाडसी वाटतो. वसिम जाफरला बसवून बीडच्या संजय बांगरला सेहवागबरोबर सलामीला पाठवलं. बांगर कधीच कुणाच्या भिंतीवर पोस्टर होऊन लागला नाही. तो फटके मारायचा नाही, चेंडू सोडायचा. अंगावर घ्यायचा, सोडायचा, पुन्हा अंगावर घ्यायचा. सेहवाग लवकर गेला. बांगर आणि द्रविड यांनी १७० ची भागीदारी केली. दोनशेहून जास्त चेंडू खेळून बांगरच्या धावा किती, तर ६८. आज तो डाव कुणी खेळला तर दुपारच्या चहाच्या आत त्याच्यावर विनोद फिरू लागतील. पण पुढचं बघा. द्रविड १४८, सचिन १९३, गांगुली १२८. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अंधारून आलं तरी आत न जाता सचिन-गांगुलीने इंग्लंडच्या गोलंदाजांची जी पिसं काढली, तशी धुलाई आजच्या ‘आक्रमक’ काळातही क्वचित दिसते. ८ बाद ६२८ वर डाव सोडला आणि एक डाव ४६ धावांनी जिंकलो.

या गोष्टीत निवडीचा एक बारकावा आहे आणि माझा सगळा मुद्दा त्याच्याभोवती आहे. बांगरही अष्टपैलूच. मध्यमगती गोलंदाजी करायचा, त्या सामन्यात दोन बळीही मिळवले त्याने. पण त्याची निवड झाली ती ‘नवा चेंडू हा जुना करून देईल’ या एका कामासाठी. काम ठरलेलं होतं, जागा ठरलेली होती, गोलंदाजी वरकमाई होती. आता ईडनकडे वळू.

नोव्हेंबर २०२५. दक्षिण आफ्रिकेविरुद्ध चार फिरकीपटू: जडेजा, अक्षर, कुलदीप, वॉशिंग्टन. सुदर्शन बाहेर, वॉशिंग्टन तिसऱ्या क्रमांकावर. अकरात सहा डावखुरे, आणि तेही भारताच्या कसोटी इतिहासात पहिल्यांदाच. समोर सायमन हार्मर, ऑफस्पिनर. डावखुऱ्यांची अशी रांग आणि पाय ठेवाल तिथे वळणारी खेळपट्टी ऑफस्पिनरला दिली की त्याला आणखी काय हवं? हार्मरने सामन्यात आठ बळी घेतले. १२४ धावा करायच्या होत्या, आपण ९३ मध्ये संपलो. गिल मान धरून बाहेर बसला होता, म्हणजे एक माणूस कमीच, हेही खरं. त्या संपूर्ण सामन्यात अर्धशतक एकच झालं, टेंबा बावुमाचं, नाबाद ५५, चेंडू १३६. त्या खेळपट्टीवर ‘चांगला चेंडू येणारच आहे, तोवर मारून घ्या’ असं म्हणणाऱ्यांना बावुमाने तोंडाने काहीही न बोलता उत्तर दिलं.

आता गंमत बघा. या सामन्यात वॉशिंग्टनने काय केलं? पहिल्या डावात ८२ चेंडूंत २९, दुसऱ्यात ९२ चेंडूंत ३१. दुसऱ्या डावात संघातल्या सर्वाधिक धावा त्याच्याच. म्हणजे नको त्या जागी पाठवलेल्या माणसाने त्या जागेचं काम इतरांपेक्षा बरं केलं. मग पुढच्याच कसोटीत, गुवाहाटीला, तो आठव्या क्रमांकावर! सुदर्शन परत तिसऱ्यावर. पहिल्या डावात आपण १ बाद ९५ वरून ७ बाद १२२ झालो. त्यानंतर आठव्या क्रमांकावरच्या वॉशिंग्टनने ९२ चेंडूंत ४८ आणि कुलदीपने १३४ चेंडूंत १९ करत ७२ ची भागीदारी रचली. १३४ चेंडू! कुलदीपला कुणी सांगितलं नव्हतं की कसोटीत ‘इरादा’ दाखवावा लागतो, म्हणून बिचारा टिकला. चार महिने आधी मँचेस्टरला हाच वॉशिंग्टन पाचव्या क्रमांकावर येऊन नाबाद १०१ करून गेला होता. पाच, तीन, आठ. त्याच्यात फलंदाजीची कुवत आहे याबद्दल माझं भांडण नाही. मला त्याची कीव येते. आपण फलंदाज आहोत की फलंदाजी येणारा गोलंदाज, हे त्याला कोणत्या दिवशी कळणार?

फलंदाजी ‘लांब’ करायची म्हणून अष्टपैलू भरत जायचं, हा हिशेब कागदावर छान दिसतो. आठव्या क्रमांकापर्यंत शतक करू शकणारा माणूस! पण आठव्याची फलंदाजी ही दुसऱ्या-तिसऱ्याच्या फलंदाजीची भरपाई करत नाही. फरसाण कितीही ओतलं तरी मिसळीला रस्सा लागतोच. आणि हे तुम्हाला मी काय सांगावं, आगरकरसाहेब? लॉर्ड्सवर तुम्ही नाबाद १०९ केल्या आहेत. ती जागा सचिनलाही मिळाली नाही, तिथल्या मानफलकावर तुमचं नाव आहे. २००२ मध्येच जमशेदपूरच्या एकदिवसीय सामन्यात तुम्हाला वन डाऊनला पाठवलं होतं आणि तुम्ही ९५ करून आलात. तरीही तुम्हाला कसोटीत कुणी फलंदाज म्हणून निवडलं नाही, आणि ते योग्यच होतं. तुमच्याकडे चेंडू होता म्हणून तुम्ही संघात होता. मग आज तुम्ही निवडताना ही रेघ पुसट का होऊ देता? अंतिम अकरा कर्णधार आणि प्रशिक्षक ठरवतात असं उत्तर येईल. ठीक. पण पंधरात तिसऱ्या क्रमांकाचा माणूस कोण, हे तुम्ही ठणकावून सांगितलं असतं तर वॉशिंग्टनला तिथे पाठवायची कल्पना कुणाला सुचली असती का?

वेगाच्या बाजूच्या लोकांना पंत फार प्रिय. मलाही आहे. पण त्याचा दाखला ते अर्धाच देतात. जानेवारी २०२५, सिडनी. पहिल्या डावात पंतने ९८ चेंडूंत ४०, अंगावर चेंडू झेलत. दुसऱ्या डावात ३३ चेंडूंत ६१. एकच सामना, एकच माणूस, एकच खेळपट्टी. मेलबर्नच्या शेवटच्या दिवशी त्याने १०४ चेंडूंत ३० केल्या होत्या, आणि आपण सामना वाचवणार असं वाटत असताना ट्रॅव्हिस हेडच्या कामचलाऊ फिरकीवर सीमारेषेवर झेल दिला. तिथून उरलेला संघ कोसळला, शेवटचे सात बळी ३४ धावांत. त्यातही यशस्वी जयस्वाल २०८ चेंडू खेळून ८४ वर बाद झाला. तोच जयस्वाल राजकोटला १२ षटकार मारून नाबाद २१४ करतो. दोन्ही प्रकारे खेळता येणारी पोरं आपल्याकडे आहेत. कधी कोणत्या प्रकारे, एवढंच काय ते शिकवायचं असतं. ते शिकायला संघात टिकावं लागतं.

गावसकरांचं नाव घेतल्याशिवाय मराठी माणसाचं क्रिकेटचं पत्र पुरं होत नाही, तर तेही घेतो. १९८३ मध्ये दिल्लीला वेस्ट इंडिजच्या मार्शल-होल्डिंगसमोर ९४ चेंडूंत शतक ठोकणारा माणूस तोच, ज्याने १९७५ च्या विश्वचषकात ६० षटकं खेळून नाबाद ३६ केल्या होत्या. या दोन टोकांवर पुष्कळ लिहून झालंय. मला १९७९ चं ओव्हल जास्त बोलकं वाटतं. चौथ्या डावात ४३८ धावा हव्या होत्या. गावसकर आणि पुण्यात घडलेला चेतन चौहान यांनी २१३ ची सलामी दिली, चौहान ८० वर गेला. वेंगसरकर वन डाऊनला येऊन ५२ करून गेला. त्याचा बळी पडला तेव्हा धावफलकावर ३६६ होत्या. विश्वनाथ पॅड बांधून बसलेला. आणि वेग हवा म्हणून चौथ्या क्रमांकावर कुणाला पाठवलं? कपिल देवला. शून्य. मग यशपाल शर्मा, आणि विश्वनाथ त्याच्याही नंतर. गावसकर ४४३ चेंडूंत २२१ करून ३८९ वर बाद झाला. शेवटी ८ बाद ४२९, नऊ धावा कमी, सामना अनिर्णित. कपिलने चार चेंडू सीमापार केले असते तर आज तो निर्णय थोर ठरला असता, हे मला माहीत आहे. पण गावसकर ज्या लयीत खेळत होता त्या लयीत खेळणारा सगळ्यात चांगला माणूस तंबूत बसून होता. क्रम वेगासाठी हलवला की असं होतं.

लॉर्ड्स २०२५ वरही दोन शब्द, कारण तिथे जडेजावर फार अन्याय झाला. १९३ करायच्या होत्या, १७० झाल्या, २२ धावांनी हरलो. जडेजा १८१ चेंडूंत नाबाद ६१. बुमराने ५४ चेंडू खेळले, सिराजने ३०. ‘जडेजाने आधीच दोन-चार षटकार मारायला हवे होते’ असं अनेक मोठ्या लोकांनी म्हटलं. अहो, तो खेळायला लागला तेव्हा थोड्याच वेळात ७ बाद ८२ झालं होतं. तिथून १७० पर्यंत आणणाऱ्याला वेगाचा जाब विचारायचा, आणि वरच्या फळीला?

आता निवडीच्या मूळ प्रश्नाकडे. सुदर्शन इंग्लंडला गेला तेव्हा तो आयपीएलच्या ७५९ धावांवरून ताजा ताजा आला होता. प्रथम श्रेणीतली त्याची सरासरी चाळिशीच्या आसपास. पोरगा गुणी आहे, दिल्लीला वेस्ट इंडिजविरुद्ध त्याने ८७ केल्या, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण लीड्सला पदार्पण, पुढच्या कसोटीला बाहेर, मँचेस्टरला आत, ईडनला बाहेर, गुवाहाटीला आत. गुवाहाटीतले ते १३९ चेंडू या पार्श्वभूमीवर बघा. संघातली जागा पुढच्या आठवड्यात असेल की नाही हे ठाऊक नसलेला माणूस फटका मारेल तरी कशाच्या भरवशावर? त्याच्या बॅटला जी भीती चिकटली होती ती त्याने घरून आणलेली नव्हती.

करुण नायरची कथा तर कुणी कादंबरीत लिहिली असती तर अतिशयोक्ती म्हणून आपण पान उलटलं असतं. डिसेंबर २०१६ मध्ये चेन्नईला नाबाद ३०३, तेही ३८१ चेंडूंत. पुढच्या कसोटीत बाहेर, कारण रहाणे परतला होता. आठ वर्षांनी, विदर्भासाठी एका रणजी मोसमात ८६३ धावा करून तो परत आला. इंग्लंडमध्ये चार कसोटी, आठ डाव, २०५ धावा. तिसऱ्यावर, सहाव्यावर, पाचव्यावर. मग पुन्हा बाहेर. त्याच्याकडून अधिक अपेक्षा होती, असं तुम्ही सांगितलंत. अपेक्षा आम्हालाही होती. पण त्याच्याकडून कोणत्या क्रमांकावर अपेक्षा होती?

सर्फराझ खानने बेंगळुरूला दुसऱ्या डावात १५० केल्या, तेही १९५ चेंडूंत, ४६ वर आटोपलेल्या संघाला उभं करताना. त्यानंतर न्यूझीलंडविरुद्धचे दोन सामने खेळला, आणि मग ऑस्ट्रेलियात पाचही कसोटी पाणी वाहण्यात गेल्या. इंग्लंडच्या संघात नावच नाही. सहा कसोटींत ३७१ धावा, सरासरी ३७. या सरासरीपेक्षा खाली असलेल्या लोकांची नावं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असतील. इथे ना तो संथ होता, ना बेजबाबदार. त्याला गोलंदाजी येत नव्हती, एवढाच त्याचा दोष असावा असं राहून राहून वाटतं.

२०२४-२५ च्या रणजी अंतिम सामन्यात, नागपूरला जामठ्यावर, विदर्भाची अवस्था ३ बाद २४ होती. समोर केरळ. दानिश मालेवार आणि नायर यांनी २१५ ची भागीदारी केली. मालेवार १५३. वय एकवीस. त्याच मोसमात यश राठोडने ९६० धावा केल्या. नंतर दुलीप करंडकाच्या अंतिम सामन्यात १९४. रणजीत पहिल्या डावाची आघाडी म्हणजे अर्धी लढाई असते, २०१२-१३ मध्ये मुंबईला चाळिसावं विजेतेपद मिळवून देणाऱ्या कर्णधाराला हे सांगायची गरज नाही. म्हणून त्या स्पर्धेत दिवसभर खेळायला अजून किंमत आहे. या पोरांपैकी कुणाला उद्याच घ्या असं मी म्हणणार नाही, तेवढं मला कळत नाही. पण नागपुरातल्या एखाद्या पोराने तुम्हाला विचारलं, ‘सर, वन डाऊनला यायचं तर मी काय करू, जामठ्यावर दोन दिवस खेळू की एप्रिल-मेमध्ये दोनशेच्या स्ट्राइक रेटने मारू?’ तर आजचा तुमचा व्यवहार बघता त्याला खरं उत्तर काय मिळेल?

तुम्हाला माणूस पारखायचाच असेल तर तो किती वेगात खेळतो हे शेवटी बघा. आधी बघा की रणजीत त्याने दीडशेच्या वर चेंडू किती वेळा खेळले. दुसरा नवा चेंडू घेतल्यावर तो उभा होता का. तिसऱ्या-चौथ्या दिवशी उखडलेल्या खेळपट्टीवर त्याने काय केलं. घरचा एसजी चेंडू खेळणारा माणूस इंग्लंडमध्ये ड्यूकसमोर आणि ऑस्ट्रेलियात कूकाबुरासमोर ‘अ’ संघातून कसा खेळला. आणि हे सगळं पार करून आलेल्या फलंदाजाने एखाद्या दिवशी साठ चेंडूंत शतक केलं तर अजिबात बिचकू नका. मँचेस्टरला पहिल्या षटकात शून्यावर दोन बाद झालेल्या संघाने १४३ षटकं खेळून ४ बाद ४२५ केल्या, तीनपेक्षा कमी गतीने. ओव्हलला जयस्वालने ११८ केल्या आणि नाइट वॉचमन आकाश दीपने ६६ ठोकल्या. दोन्ही सामने पाठोपाठचे, वरची फळी जवळजवळ तीच. एक वाचवला, दुसरा सहा धावांनी जिंकला.

मागणी एवढीच आहे. पुढचा कसोटी संघ जाहीर कराल तेव्हा तिसऱ्या क्रमांकाच्या माणसाचं नाव त्या क्रमांकासकट जाहीर करा. त्याला एक मालिका मायदेशी आणि एक परदेशी अशी मुदत द्या, पहिल्या दोन डावांत भोपळे फोडले तरी. त्याच्या खेळाच्या गतीबद्दल समितीचं काही मत असेल तर ते त्याला आधी, खोलीत बसून सांगा. वगळल्यानंतर पत्रकार परिषदेत नको.

कळावे, लोभ असावा.

आपला,
कसोटीचे पाचही दिवस बघणारा एक प्रेक्षक
पुणे